ऐंशी किलोमीटरचं पाणी : फिनलंड आणि एस्टोनिया

दरवर्षी मार्च महिन्यात 'फिनलंड जगातला सगळ्यात आनंदी देश' ही बातमी येते. २०१८ पासून सलग येतेय. आणि दरवर्षी माझ्या ओळखीतले दोन गट तिच्यावर तुटून पडतात. एक गट म्हणतो, बघा, सरकारने शाळा-दवाखाने नीट चालवले की असं होतं, तेव्हा कर भरा आणि गप्प बसा. दुसरा म्हणतो, अहो छप्पन्न लाखांचा देश तो, आपल्या पुणे जिल्ह्याहून लहान. लोक मुळातच शिस्तीचे, थंड हवेचे, एका धर्माचे. त्यांचं आपल्याला काय सांगता? त्यापेक्षा एस्टोनियाकडे बघा. सगळ्यांना एकच सपाट कर, सरकारचं सगळं काम ऑनलाइन, कंपनी काढायची तर घरबसल्या.

गंमत म्हणजे ही दोन्ही नावं घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी नकाशा उघडलेला असतो. हेलसिंकी आणि टॅलिन या दोन राजधान्यांमध्ये साधारण ऐंशी किलोमीटरचं पाणी आहे, फिनलंडचं आखात. मुंबईहून लोणावळ्याला जावं तेवढं अंतर. बोट दोन-अडीच तासांत पोचवते. दोन्हीकडची भाषा एकाच कुळातली आणि आजूबाजूच्या रशियन, स्वीडिश, जर्मन भाषांशी तिचं नातं नाही. दोन्हीकडे लुथरन चर्चची परंपरा, दोन्हीकडे सौना, दोन्हीकडे तोच अंधारा हिवाळा. राष्ट्रगीताची चालसुद्धा एकच आहे, फ्रेडरिक पाशिउस या संगीतकाराची.

म्हणजे 'लोकांचा स्वभावच तसा', 'हवाच तशी', 'धर्मच तसा' ही सगळी उत्तरं इथे बाद होतात. स्वभाव, हवा, धर्म जवळपास सारखेच ठेवून इतिहासाने दोन देशांवर दोन वेगळे प्रयोग केले. माणसांवर असले प्रयोग करू नयेत, पण झालेत तर ते नीट वाचावेत असं मला वाटतं. आज तेच करू. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवात दोघांचीही बेताचीच. फिनलंड १८०९ पासून रशियन झारच्या ताब्यात होता, पण स्वतंत्र कायदे आणि पुढे स्वतःचं चलन असलेली स्वायत्त जहागीर म्हणून. एस्टोनिया त्याच्या शंभर वर्षं आधी रशियाकडे गेला होता आणि तिथे जमीन सगळी जर्मन सरदारांची, एस्टोनियन माणूस त्यांच्या शेतावर राबणारा. पण वाचायला दोघांनाही येत होतं, कारण लुथरन पाद्री बायबल वाचता आल्याशिवाय सोडत नसत. १८९७ च्या जनगणनेत अख्ख्या रशियन साम्राज्यात साक्षरतेत एस्टोनियाचा भाग सर्वात पुढच्यांत होता. पैसा मात्र कुठेच नव्हता. १८६६ ते १८६८ च्या दुष्काळात फिनलंडची सुमारे आठ टक्के लोकसंख्या गेली. आज ज्या देशाकडे आपण असूयेने बघतो तिथे माझ्या पणजोबांच्या पिढीत लोक झाडाच्या सालीचं पीठ मिसळून भाकरी करत होते.

१९१७-१८ मध्ये झारशाही कोसळली आणि दोघेही स्वतंत्र झाले. फिनलंडने लगेच आपसात यादवी युद्ध लढलं, काही महिन्यांत सदतीस-अडतीस हजार माणसं मेली. एस्टोनियाने लाल सैन्याशी स्वातंत्र्ययुद्ध लढलं आणि १९२० मध्ये टार्टूच्या तहात रशियाकडून 'कायमचं' स्वातंत्र्य लिहून घेतलं. नंतर दोघांनीही जवळपास तेच केलं : जमीनदारांची जमीन छोट्या शेतकऱ्यांना दिली. एस्टोनियाने १९१९ मध्ये अगदी धडाक्यात जर्मन सरदारांच्या इस्टेटी काढून घेतल्या. फिनलंडने कुळांना जमिनी विकत घेऊ दिल्या. दोन्हीकडे सहकारी दूधसंघ उभे राहिले, आपल्याकडच्या दूधसंघांचे आजोबाच म्हणा. लोणी इंग्लंड आणि जर्मनीला जायचं. फिनलंडकडे शिवाय जंगल, म्हणजे लाकूड आणि कागद.

१९३८ साल धरा. अर्थशास्त्राचे इतिहासकार आकड्यांवर अजून भांडतात, पण दोन देशांचं राहणीमान एकमेकांच्या हाताच्या अंतरावर होतं याबद्दल फारसा वाद नाही. फिनलंड थोडा पुढे असेल. हेलसिंकीहून टॅलिनला गेलेल्या माणसाला आपण गरीब देशात आलो असं वाटत नसे.

मग २३ ऑगस्ट १९३९. मोलोटोव्ह आणि रिबेनट्रॉप यांनी मॉस्कोत सही केली आणि गुप्त कलमात दोन्ही देश स्टालिनच्या वाट्याला गेले. स्टालिनने दोघांकडेही जवळपास एकाच भाषेत मागणी केली : तळ द्या, जमीन द्या. एस्टोनियाने २८ सप्टेंबरला सही करून पंचवीस हजार सोव्हिएत सैनिकांना तळ दिले. फिनलंडने नकार दिला आणि ३० नोव्हेंबरला हेलसिंकीवर बाँब पडले. पुढचे १०५ दिवस जे झालं ते 'हिवाळी युद्ध' म्हणून प्रसिद्ध आहे.

इथे आपल्याकडचे वीरपूजक उडी मारतात : बघा, लढले ते वाचले, वाकले ते संपले. मला हे इतकं सोपं वाटत नाही. एस्टोनियाची लोकसंख्या तेव्हा अकरा लाख, फिनलंडची सदतीस लाख. एस्टोनियाला मागे सरकायला जागाच नव्हती, फिनलंडकडे जंगल, तळी आणि बर्फ. अध्यक्ष पॅट्स आणि सेनापती लायडोनर यांनी रक्तपात टळावा म्हणून सही केली. १९४० च्या जूनमध्ये रशियाने देशच गिळला आणि दोघेही पुढे सोव्हिएत कैदेत मेले, एक मनोरुग्णालयात, एक तुरुंगात. त्यांना भित्रे म्हणणं मला ऐंशी वर्षांनी सोफ्यावर बसून शक्य आहे, म्हणून मी म्हणणार नाही. पण निर्णयाची किंमत मात्र मोजावी लागेल.

एस्टोनियात १४ जून १९४१ च्या एका रात्रीतून सुमारे दहा हजार माणसं गुरांच्या डब्यातून पूर्वेला नेली. मग जर्मन आले, ते गेले, पुन्हा रशियन आले. १९४४ मध्ये सत्तर-ऐंशी हजार माणसं होड्यांतून आणि जहाजांतून पश्चिमेला पळाली, त्यात डॉक्टर, प्राध्यापक, इंजिनियर भरपूर. मार्च १९४९ मध्ये आणखी वीस हजारांवर लोक सैबेरियाकडे, त्यात बहुतेक बायका आणि मुलं. त्या धाकाने उरलेले शेतकरी काही आठवड्यांत निमूट सामूहिक शेतीत गेले. तीस वर्षांपूर्वी सरदाराकडून मिळालेली जमीन अशी गेली. १९३९ ते १९४५ या काळात देशाने आपल्या लोकसंख्येचा किमान पाचवा हिस्सा गमावला.

फिनलंडही सुटला नव्हता. दोन युद्धांत नव्वद हजारांच्या वर माणसं मेली. कारेलिया गेलं आणि तिथून चार लाखांवर निर्वासित आले. देशाच्या साधारण अकरा टक्के लोकांना घरदार द्यायचं होतं! फाळणी पाहिलेल्या आपल्याला हा आकडा कळतो. १९४५ च्या कायद्याने त्यांना जमिनी दिल्या, म्हणजे ज्यांच्याकडे जमीन होती त्यांच्याकडून घेऊन दिल्या. शिवाय रशियाला तीस कोटी डॉलरची युद्धभरपाई, तीसुद्धा वस्तूंच्या रूपात : जहाजं, यंत्रं, केबल, कागद. मॉस्को रागावेल म्हणून अमेरिकेची मार्शल मदत नाकारली. सप्टेंबर १९५२ मध्ये भरपाईची शेवटची गाडी गेली. त्याच उन्हाळ्यात हेलसिंकीने ऑलिंपिक भरवलं होतं, जिथे आपल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक घेतलं. खाशाबा उतरले ते हेलसिंकी श्रीमंत नव्हतं. कर्ज फेडत असलेलं शहर होतं ते.

आता 'श्रीमंत झाले म्हणून कल्याणकारी झाले' म्हणणाऱ्यांसाठी एक नोंद. फिनलंडमध्ये बाळंतिणीला सरकारकडून कपडे-चादरींची पेटी मिळते, तीच ती प्रसिद्ध 'बेबी बॉक्स'. तिचा कायदा १९३७ चा आहे, तेव्हा ती गरीब आयांसाठी होती. १९४९ पासून सगळ्यांसाठी झाली, पण अट एक : आईने आधी दवाखान्यात तपासणीला यायचं. शाळेत सगळ्यांना फुकट जेवण १९४८ पासून. हे दोन्ही निर्णय भरपाई चालू असताना, निर्वासित तात्पुरत्या घरांत असताना अमलात आलेले आहेत. १९३८ च्या सुमारास फिनलंडमध्ये हजारातली सत्तरएक बाळं वर्षाच्या आत दगावत होती. पेटी आणि तपासणी यांची गरज तिथून आली.

आणि तरीही (हे मला स्वतःला वाचताना आश्चर्य वाटलं होतं) १९६० च्या दशकात फिनलंड आणि सोव्हिएत एस्टोनिया यांचं सरासरी आयुर्मान जवळपास सारखं होतं! हद्दपारी, सामूहिक शेती, सगळं होऊनही. कारण सोव्हिएत आरोग्यव्यवस्था लसीकरण, क्षयरोग, बाळंतपण यांत चांगली होती. शाळा चांगल्या होत्या आणि एस्टोनियन भाषेतून होत्या. अख्ख्या सोव्हिएत संघात एस्टोनिया हा सुखवस्तू कोपरा मानला जायचा, लेनिनग्राडचे लोक तिथे खरेदीला यायचे. तिकडे फिनलंडमध्ये गावं रिकामी होत होती. १९६९ आणि ७० या दोन वर्षांत ऐंशी हजारांच्या आसपास माणसं स्वीडनमध्ये कारखान्यांत कामाला गेली, देशाची लोकसंख्या चक्क घटली. आणि पूर्व फिनलंडचे पुरुष हृदयविकाराने जगात सर्वाधिक मरत होते. चाळिशी-पन्नाशीतले लाकूडतोडे आणि शेतकरी, अंगाने दणकट, ताटात लोणी, मलईचं दूध, खारवलेलं मांस, खिशात सिगारेट.

मग फरक कधी पडला? माझ्या मते खरी फूट १९७० नंतरची आहे, आणि ती कशी पडली हे बघणं दोन्ही गटांच्या घोषणांपेक्षा जास्त शिकवतं.

१९७१ मध्ये उत्तर कारेलिया प्रांतातल्या लोकप्रतिनिधींनी सरकारला अर्ज केला : आमचे पुरुष मरतायत, काहीतरी करा. १९७२ मध्ये पेक्का पुस्का नावाच्या सत्तावीस वर्षांच्या डॉक्टरच्या हाती प्रकल्प दिला गेला. त्याने मोठं हॉस्पिटल बांधलं नाही. गावोगावच्या महिला संघटनेच्या बायकांना हाताशी धरून कमी चरबीचा रस्सा करायला शिकवला, गावजेवणं घातली. सॉसेज बनवणाऱ्यांना चरबीच्या जागी मशरूम घालायला पटवलं. दूध-लोण्यावर जगणारे शेतकरी संतापले (आपल्याकडे ऊस कमी करा म्हणून बघा सांगून!) तेव्हा त्यांना बेरी लावण्यासाठी मदत मिळवून दिली. रक्तदाब तपासायला परिचारिका घरोघर. त्याच १९७२ च्या कायद्याने प्रत्येक नगरपालिकेला आरोग्यकेंद्र बंधनकारक झालं. त्याच वर्षापासून उत्तरेकडून सुरुवात करून सगळ्या मुलांसाठी एकच नऊ वर्षांची शाळा आली. पुढच्या तीन-चार दशकांत कामाच्या वयाच्या पुरुषांचे हृदयविकाराचे मृत्यू ऐंशी टक्क्यांनी कमी झाले.

हे घडायला काय लागलं? पैसा लागलाच. पण त्याआधी खरा आकडा छापायची मुभा लागली. 'आमचे पुरुष मरतायत' असं लोकप्रतिनिधींनी उघड म्हणता येणं, वर्तमानपत्राने ते मांडणं, सरकारला लाज वाटणं, हे लागलं. आखाताच्या दुसऱ्या बाजूला त्याच वर्षांत पुरुषांचं आयुष्य घटायला लागलं होतं. मॉस्कोने उपाय काय केला, तर सत्तरच्या दशकाच्या मध्यात बालमृत्यू आणि आयुर्मानाचे आकडे छापणंच बंद केलं. व्होडका सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग होती. त्यामुळे टार्टूतल्या चांगल्या डॉक्टरांना कळत सगळं होतं, करता काही येत नव्हतं. १९८५ मध्ये गोर्बाचेव्हने दारूवर बंधनं आणली तेव्हा दोन-तीन वर्षं आयुर्मान झटकन वर गेलं, आणि बंधनं सैलावताच पुन्हा खाली.

मधल्या काळात टॅलिनच्या लोकांना समोरचा किनारा दिसत होता, म्हणजे अक्षरशः टीव्हीवर. फिनिश चॅनेल उत्तर एस्टोनियात पकडायची. आवाज येण्यासाठी एक छोटं यंत्र टीव्हीत बसवावं लागे आणि ते बनवणारे मेकॅनिक गल्लोगल्ली होते. भाषा कुळातली, चार-सहा महिन्यांत मुलं शिकायची. 'डल्लास' मालिका बघायला दक्षिण एस्टोनियातून नातेवाईक टॅलिनला मुक्कामाला यायचे. पण मला जास्त लागलेली गोष्ट दुसरी. एस्टोनियाचं जुनं राष्ट्रगीत गाण्यावर बंदी होती, पण फिनिश प्रसारणात रोज तीच चाल वाजायची. घरातली म्हातारी माणसं ती ऐकत बसायची, आणि त्यावर कुणाला काही करता येत नसे.

फिनलंडनेही गप्प बसण्याची किंमत दिली होती हे विसरू नका. १९४८ च्या मैत्री करारानंतर मॉस्कोला काय आवडेल याचा विचार करून सरकार आणि वर्तमानपत्रं बोलायची. सीमा ओलांडून आलेल्या सोव्हिएत नागरिकांना परत पाठवलं जायचं. केक्कोनेन पंचवीस वर्षं राष्ट्राध्यक्ष राहिले, लोकशाहीत हे काही भूषण नव्हे. पण त्याच केक्कोनेननी मार्च १९६४ मध्ये टार्टू विद्यापीठात चक्क एस्टोनियन भाषेत भाषण केलं, आणि पुढच्याच वर्षी हेलसिंकी-टॅलिन बोट पुन्हा सुरू झाली. बोटीतून फिनिश पर्यटक यायचे ते मुख्यतः स्वस्त दारूसाठी. त्यांच्यासाठी १९७२ मध्ये फिनिश कंपनीनेच 'विरू' हॉटेल बांधलं आणि केजीबीने तेविसाव्या मजल्यावर कान लावून बसायची खोली केली. आता तिथे संग्रहालय आहे. दोन वर्षांपूर्वी मी पाहिलं. भाचा हेलसिंकीजवळ एस्पूला सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा. भाचा म्हणाला, "मामा, टॅलिन जुनं शहर म्हणून बघा." मी मात्र बोटीतच रमलो : परतीला फिनिश आजोबा बिअरच्या खोक्यांची ट्रॉली ढकलत, आणि त्यांच्या शेजारी हेल्मेट-बूट बॅगेला लटकवलेले एस्टोनियन बांधकाम कामगार सोमवारच्या पाळीला निघालेले.

२० ऑगस्ट १९९१ ला एस्टोनिया पुन्हा स्वतंत्र झाला. त्याच्या दोन वर्षं आधी टॅलिनपासून व्हिल्निअसपर्यंत सहाशेवर किलोमीटर, सुमारे वीस लाख माणसांनी हातात हात धरून साखळी केली होती. ते फोटो सगळ्यांनी पाहिलेत. नंतरचे फोटो कुणी पाहत नाही. १९९२ मध्ये महागाई हजार टक्क्यांच्या वर. जूनमध्ये नवं चलन क्रून आलं, आठ क्रूनला एक जर्मन मार्क. प्रत्येक माणसाला पंधराशे रुबल देऊन दीडशे क्रून मिळाले, म्हणजे एकोणीस मार्कांच्या आत. पंतप्रधान मार्ट लार बत्तीस वर्षांचे, स्वतः इतिहासाचे अभ्यासक. त्यांनी अनुदानं तोडली, कारखाने विकले, आयातशुल्क काढून टाकलं, आणि १९९४ पासून सगळ्यांना २६ टक्के सपाट आयकर. १९४० पूर्वीच्या मालकांच्या वारसांना घरं परत दिली. न्याय झाला खरा, पण त्या घरांत चाळीस वर्षं भाड्याने राहणारे लोक एका रात्रीत परक्याच्या घरातले भाडेकरू झाले. नार्वाच्या बाजूचे रशियन भाषक कामगार तर दुहेरी अडकले, कारखाना गेला आणि नागरिकत्वही नाही. तेव्हा देशातली जवळपास एक तृतीयांश माणसं नागरिकत्वाविना होती.

१९९४ मध्ये एस्टोनियन पुरुषाचं सरासरी आयुर्मान सुमारे ६१ वर्षं होतं. फिनिश पुरुषाचं ७२ च्या पुढे. तीस वर्षांपूर्वी बरोबरीत असलेले हे दोन पुरुष. अकरा-बारा वर्षांचं अंतर! हृदयविकार, दारू, अपघात, खून, आत्महत्या. सपाट कराचं कौतुक करणाऱ्या पोस्टमध्ये हा आकडा मी आजवर पाहिलेला नाही. आणि तो सपाट कराने आणला असंही मी म्हणणार नाही, कारण घसरण वीस वर्षं आधी सुरू झाली होती. पण संक्रमणाचा धक्का कुणी सोसला हे या आकड्यात लिहिलेलं आहे : पन्नाशीचा कामगार पुरुष.

फिनलंडचंही तेव्हा बरं चाललं नव्हतं. बँका बुडाल्या, सोव्हिएत गिऱ्हाईक एका वर्षात नाहीसं झालं, बेकारी तीन टक्क्यांवरून सतरा-अठरावर गेली. आत्महत्यांचं प्रमाण १९९० मध्ये लाखामागे तीस, जगातल्या सर्वात जास्त देशांपैकी एक. आनंदी देश! पण १९८६ पासून त्यांनी राष्ट्रीय प्रतिबंध कार्यक्रम हाती घेतला होता. आधी एका वर्षातली प्रत्येक आत्महत्या स्वतंत्रपणे अभ्यासली, मग डॉक्टर, सैन्य, शाळा यांना कामाला लावलं. आज प्रमाण निम्म्याहून खाली आहे. तो अहवालातला 'आनंद' म्हणजे हसरे चेहरे नव्हेत, आपल्या आयुष्याला लोक दहापैकी किती गुण देतात एवढंच. दहा देणारे फिनिश मला तरी भेटले नाहीत, भाच्याचे शेजारी दोन आठवड्यांत एकदा 'मोई' म्हणाले.

मग एस्टोनिया सावरला कसा? सपाट कर हे उत्तराचं एक टोक आहे. दुसरं टोक हे की मालक प्रत्येक पगारावर वर ३३ टक्के सामाजिक कर भरतो, त्यातून आरोग्यविमा आणि पेन्शन चालतं. हे आपल्याकडच्या कर-नको मंडळींना सांगून बघा. नफा कंपनीतच गुंतवला तर त्यावर कर नाही, हे २००० पासून, आणि ते धोरण चांगलंच चाललं. १९९६-९७ पासून शाळाशाळांत संगणक आणि इंटरनेट, २००२ पासून डिजिटल ओळखपत्र, २००५ पासून इंटरनेटवर मतदान. गुंतवणूक आली ती सर्वात जास्त स्वीडन आणि फिनलंडमधून, म्हणजे सख्ख्या शेजाऱ्यांकडून. शाळेच्या अभ्यासक्रमात फिनलंडकडून बरंच उचललं, शाळेचं जेवणही फुकट. २००४ मध्ये युरोपीय संघ, २०११ मध्ये युरो. मधे २००९ ला अर्थव्यवस्था एका वर्षात चौदा टक्के आकसली, हेही झालं.

१९९३ मध्ये सरासरी मासिक पगार हजार क्रूनच्या आसपास होता, सव्वाशे-दीडशे मार्क. आज दोन हजार युरोच्या घरात. क्रयशक्तीने मोजलं तर नव्वदच्या दशकाच्या मध्यात एस्टोनिया युरोपीय संघाच्या सरासरीच्या तिसऱ्या हिश्शावर होता, आता ऐंशी टक्क्यांच्या आसपास. फिनलंड शंभराच्या थोडा वर, आणि २००८ पासून जवळपास जागच्या जागी. 'पिसा' चाचणीत २००० साली फिनलंड जगात गाजला होता. २०२२ च्या गणितात एस्टोनियाची मुलं ५१० गुणांवर, युरोपात पहिली, आणि फिनलंडची ४८४ वर. आपल्याकडची शिष्टमंडळं अजून हेलसिंकीच्या शाळा बघायला जातात. दोन तास बोटीत बसायला कुणी सांगत नाही त्यांना.

म्हणजे एस्टोनियाने गाठलंच म्हणायचं? तरुण, शिकलेला, टॅलिनमध्ये राहणारा माणूस धरला तर जवळजवळ हो. कर कमी, कामं मोबाईलवर, बाळ झालं तर दीडएक वर्षाच्या आसपास पूर्ण पगाराएवढा भत्ता. माझ्या भाच्याचा एक मराठी मित्र हेलसिंकी सोडून टॅलिनला गेला आणि खूश आहे. पण वय साठ धरा, नार्वा गाव धरा, एकट्या राहणाऱ्या आजी धरा. एकट्या म्हाताऱ्यांच्या गरिबीत एस्टोनिया युरोपात सर्वात वाईट देशांत मोडतो. आजारी पडलं, नोकरी गेली, तर फिनलंडमध्ये पडायला जाळी आहे, इकडे ती विरळ आहे. बायका आणि पुरुषांच्या पगारातलं अंतर युरोपात सर्वात मोठ्यांपैकी एक. २०२२ मध्ये महागाई एकोणीस टक्क्यांच्या आसपास गेली तेव्हा पेन्शनवाले पुन्हा भरडले. फिनलंडमध्ये रडगाणं वेगळं : आरोग्यकेंद्रात डॉक्टरची वेळ मिळायला आठवडे, बेकारी पुन्हा नऊ-दहा टक्के, म्हातारी लोकसंख्या. दात करायला फिनिश माणूस टॅलिनला जातो आणि एस्टोनियन परिचारिका जास्त पगारासाठी हेलसिंकीला. पन्नास हजारांच्या आसपास एस्टोनियन नागरिक फिनलंडमध्ये राहत होते, अलीकडे बरेच परतू लागलेत. त्या कामगारांना घरी गमतीने 'कालेविपोएग' म्हणतात. त्यांच्या महाकाव्यातला नायक पोहत फिनलंड गाठतो ना, त्याच्यावरून.

दारूच्या करावरून तर दोन देशांत कायम लपंडाव. २००४ मध्ये एस्टोनिया संघात येणार, स्वस्त दारू वाहत येणार, म्हणून फिनलंडने स्वतःचा दारूवरचा कर एकदम तिसऱ्या हिश्शाने कमी केला. त्याच वर्षी दारूने मरणारे वाढले. पुढे एस्टोनियाने कर वाढवला, तर एस्टोनियन माणसं लॅटव्हियाच्या सीमेवर खोकी भरायला जाऊ लागली. २०१९ मध्ये मग एस्टोनियालाच कमी करावा लागला. शेजारी असणं म्हणजे हे.

कुणी विचारेल, आता हिशोब किती उरला? एक आकडा मिटलाय. बाळांचा. वर्षाच्या आत दगावणारी बाळं दोन्ही देशांत आता हजारी दोनच्या आसपास आहेत, जगात सर्वात कमी असलेल्यांपैकी. टॅलिनमध्ये जन्मलेलं बाळ आणि हेलसिंकीत जन्मलेलं बाळ यांत त्या पहिल्या वर्षाचा फरक उरलेला नाही. दुसरा आकडा अजून उभा आहे. एस्टोनियातली बाई सरासरी ८२-८३ वर्षं जगते, पुरुष ७४-७५. स्त्री-पुरुषातली ही दरी युरोपीय संघात सर्वात मोठ्यांपैकी आहे, आणि फिनिश पुरुष अजून चारेक वर्षं जास्त जगतो.